जपानच्या शाळांचा जमाखर्च

इ. स. १९०५ मध्यें जपाननें रशियासारख्या बलाढ्य राष्ट्राचा पराभव केला, तेव्हां आशियांतील सुशिक्षितांच्या मनांत एकच प्रश्न उभा राहिला : हें सामर्थ्य आलें कोठून ? आरमार, आगगाड्या, कारखाने हीं कारणें डोळ्यांस दिसणारीं होतीं; पण त्यांच्याहि मागें गांवोगांवची शाळा उभी आहे, असें उत्तर पुष्कळांनीं दिलें, आणि तें खोटें नव्हतें. मात्र ती शाळा उभी करण्यास काय खर्च पडला, तो कोणीं सोसला, आणि पुढें त्या शाळेनें आपल्या मुलांकडून काय मागून घेतलें, हा हिशेब त्या वेळीं पुरा होण्यासारखा नव्हता. आज दीडशें वर्षांनंतर तो मांडून पाहतां येतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. १८६८ पूर्वींचा जपान निरक्षर होता आणि मेइजी सरकारनें त्यास अक्षरओळख करून दिली, असें मानण्याचा प्रघात आहे. वस्तुस्थिति निराळी होती. तोकुगावा राजवटींत संस्थानिकांच्या शाळांतून सामुराईंचीं मुलें चिनी ग्रंथ पढत, आणि सामान्य लोकांचीं मुलें 'तेराकोया' नांवाच्या खासगी शाळांत जात. या शब्दाचा मूळ संबंध बौद्ध मठाशीं. पण कालांतरानें तेथें शिकवणारा मनुष्य जसा भिक्षु असे, तसाच एखादा गरीब सामुराई, गांवचा पुढारी किंवा वैद्यहि असे. आपल्याकडील पंतोजीच्या शाळेची आठवण व्हावी असाच तो कारभार. मूल येई, आपलें बैठें मेज सोयीच्या जागीं मांडी, आणि गुरु त्याला त्याच्या घरच्या धंद्यास उपयोगी पडेल तें गिरवावयास देई : शेतकऱ्याच्या मुलास पिकांचीं व अवजारांचीं नांवें, व्यापाऱ्याच्या मुलास मालाचीं नांवें आणि पत्रांचे मायने, शिवाय सोरोबान नांवाच्या मणिचौकटीवर हिशेब. आजच्यासारखे वर्ग नव्हते, आणि दोन मुलांचें बोट एकाच पानावर असण्याचें कांहीं कारण नव्हतें. रोनाल्ड डोर या इंग्रज अभ्यासकाच्या अंदाजाप्रमाणें त्या राजवटीच्या अखेरीस शेंकडा ४० हून अधिक मुलगे आणि शेंकडा १० च्या आसपास मुली कांहीं ना कांहीं शिक्षण घेत होत्या. सुधारणा झाली ती ओसाड रानावर झाली नाहीं. नांगरलेल्या शेतावर झाली.

१८७१ सालीं नव्या सरकारनें शिक्षणखातें निर्माण केलें, आणि १८७२ मध्यें 'गाकुसेइ' या नांवाची शिक्षणयोजना जाहीर केली. आंखणी फ्रान्सवरून घेतलेली होती. साऱ्या देशाचे ८ विद्यापीठ-विभाग, प्रत्येकांत ३२ माध्यमिक विभाग, आणि त्या प्रत्येकांत २१० प्राथमिक शाळा. गुणाकार करावा तों ५३,७६० शाळा होतात, म्हणजे सुमारें ६०० माणसांस एक शाळा. तिजोरींत पैसा नाहीं, शिकवावयास तयार झालेले मास्तर नाहींत, आणि कागदावर मात्र शेवटच्या शाळेपर्यंत आंकडा बरोबर ! या गुणाकाराची थट्टा करणें सोपें आहे. तथापि तीनच वर्षांत सुमारें २४,००० शाळा चालूं झाल्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे थट्टा ओंठांवरच राहते. अर्थात् त्यांतील पुष्कळशा म्हणजे जुनी तेराकोयाच, दारावर नवी पाटी लावलेली.

श्रोतेहो, या योजनेची प्रस्तावना मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या सर्व कथेचें मर्म तींत आहे. तींत सम्राटाच्या सेवेचा उपदेश नाहीं. विद्या हें माणसाचें जगांत पुढें येण्याचें भांडवल आहे. ती सामुराईंचीच मिरास, आणि ती राज्यासाठीं शिकावयाची, ही जुनी समजूत चुकीची. यापुढें गांवांत विद्येवांचून घर राहूं नये आणि घरांत विद्येवांचून माणूस राहूं नये, असा तिचा आशय. फुकुझावा युकिचि या लेखकानें त्याच वर्षीं 'गाकुमोन नो सुसुमे' या आपल्या पुस्तिकांतून हाच विचार घरोघर पोंचविण्यास आरंभ केला होता. येथपर्यंत सर्व कांहीं उदार व मनोहर आहे. पण ज्याच्या पदरीं लाभ पडतो त्यानेंच खर्च द्यावा, हा पुढचा निष्कर्षहि त्याच प्रस्तावनेंत येतो. फी पन्नास सेन, किंवा न परवडल्यास पंचवीस सेन, दरमहा ठरविली गेली. शेतकऱ्याच्या घरीं ही रक्कम लहान नव्हती, आणि बहुतेक ठिकाणीं प्रत्यक्षांत पुष्कळच कमी घ्यावी लागली. उरलेला भार घरपट्टीसारख्या वर्गण्यांच्या रूपानें गांवावर बसला.

परिणाम काय झाला ? १८७३ मध्यें ओकायामा, कागावा वगैरे भागांत शेतकऱ्यांचे दंगे झाले, आणि त्यांत शाळांच्या इमारती जाळण्यांत आल्या. रागाचें कारण केवळ शाळा नव्हती. त्याच सुमारास सक्तीची लष्करभरती आली होती, व तिच्या जाहीरनाम्यांतील 'रक्ताचा कर' या शब्दाचा अर्थ लोकांनीं अक्षरशः घेतला होता. परंतु भातलावणीच्या दिवसांत कामाचीं दोन हातांचीं पोरें घरांतून नेणारी, वर त्याबद्दल पैसे मागणारी, आणि अमेरिकन क्रमिक पुस्तकाच्या भाषांतरावरून धडे देणारी ही संस्था त्यांस आपली वाटली नाहीं, यांत आश्चर्य तें काय ? जुन्या पंतोजीस निदान गांवची गरज ठाऊक होती.

याच्या उलट चित्रहि आहे. मात्सुमोतो या डोंगराळ प्रदेशांतील शहरीं १८७६ मध्यें 'काइचि' शाळेची इमारत उभी राहिली. तिच्या खर्चापैकीं सुमारें शेंकडा ७० रक्कम गांवकऱ्यांनीं दिली. तातेइशि सेइजू या तेथील सुतारानें पाश्चात्य इमारती पाहून घेऊन ती आपल्या हातोटीनें रचली : वर अष्टकोनी मनोरा, दाराशीं कोरलेला चिनी ढंगाचा ड्रॅगन, आणि त्याच्यावर शाळेच्या नांवाची पाटी धरलेले पंखांचे दोन देवदूत ! ही इमारत अद्याप उभी असून २०१९ मध्यें तिला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. एकाच कायद्याखालीं एका गांवीं शाळा जळते आणि दुसऱ्या गांवीं लोक पदरमोड करून मनोरा उभारतात, हें विसरून सुधारणेविषयीं सरसकट विधानें करण्यांत अर्थ नाहीं.

शिकविण्याची रीतिहि बदलली. मॅरियन स्कॉट नांवाच्या अमेरिकन शिक्षकानें तोकियोच्या नव्या अध्यापनशाळेंत वर्गपद्धति, फळा आणि भिंतीवरचे तक्ते यांचा पाठ घालून दिला. आतां चाळीस-पन्नास मुलें एकाच दिशेस तोंड करून एकाच वेळीं एकच शब्द उच्चारूं लागलीं. एका मास्तरास पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक मुलें शिकवितां येऊं लागलीं; तेराकोयांतील, प्रत्येकास त्याच्या चालीनें पुढें नेणारा गुरु मात्र गेला. मला वाटतें, या एका बदलाचें महत्त्व कायद्याच्या सर्व कलमांहून अधिक आहे.

मध्यंतरीं एक प्रयोग झाला, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. तानाका फुजिमारो हा अधिकारी अमेरिका व युरोप पाहून आला होता. डेव्हिड मरे या अमेरिकन सल्लागाराचें त्यास साह्य होतें. त्याच्या प्रयत्नानें १८७९ मध्यें नवा कायदा झाला. शाळांचा कारभार गांवच्या निवडलेल्या समित्यांकडे द्यावा, आणि सक्ति सैल करावी, असा त्याचा झोंक होता. फ्रान्सची घडी मोडून अमेरिकेचें वारें आणण्याचा हा यत्न. पण स्वातंत्र्य मिळतांच कित्येक गांवांनीं तें खर्च कमी करण्यासाठीं वापरलें. शाळा बंद पडूं लागल्या, हजेरी घसरली. वर्षभरांतच, १८८० मध्यें, कायदा फिरवून लगाम पुन्हा आवळण्यांत आला. स्थानिक स्वायत्ततेचे आपण सर्वच भोक्ते आहों. परंतु गरिबाच्या मुलास शाळेंत ठेवण्याचें काम तेथें गांवानें केलें नाहीं, तें वरच्या हुकुमानें झालें, ही गोष्ट अडचणीची असली तरी सांगितली पाहिजे.

याच वेळीं दरबारांतील जुन्या मताचे लोकहि जागे झाले. सम्राटाचे कन्फ्यूशियन गुरु मोतोदा नागाझाने यांचें गाऱ्हाणें असें कीं, नव्या विद्येनें मुलें हुषार झालीं, पण निष्ठा व पितृभक्ति विसरलीं. १८८० पासून नीतिपाठ हा विषय अभ्यासक्रमांत पहिल्या स्थानीं बसला. १८८५ मध्यें मोरि आरिनोरि शिक्षणमंत्री झाला. हा माणूस विलक्षण होता : एके काळीं जपाननें इंग्रजी भाषाच स्वीकारावी अशी कल्पना मांडणारा, आणि मंत्री होतांच अध्यापनशाळांत लष्करी कवाइत आणणारा. त्याच्या १८८६ च्या कायद्यांनीं सबंध इमारतीस कायमचा आकार दिला. प्राथमिक शिक्षकांत आज्ञाधारकपणा हवा आणि विद्यापीठांत विचारस्वातंत्र्य चालेल, अशी त्याची वांटणी होती. पण स्वतः तो ना या पक्षास पटला ना त्या. ११ फेब्रुवारी १८८९ रोजीं, राज्यघटना जाहीर होण्याच्याच दिवशीं, इसे येथील पवित्र मंदिराचा त्यानें अवमान केल्याच्या आरोपावरून एका तरुणानें त्यास भोंसकलें, व दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला.

पुढच्याच वर्षीं, ३० ऑक्टोबर १८९० रोजीं, सम्राटाच्या नांवें शिक्षणविषयक राजाज्ञा निघाली. अवघीं ३१५ अक्षरें. आईबापांचा मान राखा, भावंडांशीं प्रेमानें वागा, विद्या मिळवा. यांत आक्षेप घेण्यासारखें काय आहे? पण सर्व सद्गुणांची माळ शेवटीं एकाच मेरूशीं येऊन थांबते : प्रसंग पडल्यास राज्यासाठीं धैर्यानें स्वतःस अर्पण करा, आणि राजवंशाचें रक्षण करा. १८७२ चें 'भांडवल' येथें 'ऋण' झालें. समारंभांत मुख्याध्यापक हातमोजे घालून ती आज्ञा वाचूं लागले आणि मुलें मान लववून ऐकूं लागलीं. सम्राटाची तसबीर आगींतून वांचवितांना किंवा ती जळाल्याच्या लाजेनें शिक्षकांनीं प्राण दिल्याच्या घटना नमूद आहेत. १८९१ मध्यें उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती शिक्षकानें त्या आज्ञापत्रास पुरेसें वांकून वंदन केलें नाहीं, म्हणून त्यास नोकरी सोडावी लागली.

आतां जमेची बाजू. १८७३ मध्यें शाळेंत नांव असलेलीं मुलें शेंकडा २८ होतीं. मुलगे सुमारें ४०, मुली अवघ्या १५. १९०० मध्यें प्राथमिक शिक्षणाची फी सामान्यतः रद्द झाली, आणि १९१० पर्यंत हा आंकडा शेंकडा ९८ वर गेला. नांव पटावर असणें आणि मूल बांकावर असणें यांत अंतर असतेंच. तरीहि एवढी मजल त्या काळीं थोड्याच राष्ट्रांनीं मारली होती. लहान भावंडास पाठीशीं बांधून येणाऱ्या मुलींसाठीं वेगळे वर्ग निघाले. विद्यापीठांत प्रथम परकी अध्यापक परकी भाषेंत शिकवीत. एका पिढींत तेंच ज्ञान जपानी भाषेंत शिकविलें जाऊं लागलें. मात्र या वाढीस मिळालेला एक मोठा आधार कोठून आला तेंहि पाहावें : १८९५ च्या युद्धानंतर चीनकडून घेतलेल्या खंडणींतून १ कोटि येनचा शिक्षणनिधि निघाला होता.

या जमेच्या बाजूचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. नारुसे जिन्झो यांनीं १९०१ मध्यें तोकियोंत स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें. त्या संस्थेची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं आली; १९१५ च्या मुंबईच्या सामाजिक परिषदेंत अध्यक्षपदावरून त्यांनीं तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ मध्यें मातृभाषेच्या माध्यमाचें महिला विद्यापीठ सुरू केलें. आण्णांनीं जपानकडून जें घेतलें तें निवडून घेतलें. गृहिणीधर्माचें शिक्षण त्यांनीं घेतलें, त्याबद्दल टीकाहि सोसली. पण राजाज्ञा आणण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पाठीशीं सरकारहि नव्हतें.

उतार कोठून लागला ? १९०२ मध्यें पाठ्यपुस्तकांच्या निवडींतील लांचलुचपत उघडकीस आली, आणि अब्रू राखण्याचा उपाय म्हणून दुसऱ्याच वर्षीं नीति, वाचन, इतिहास व भूगोल यांचीं पुस्तकें सरकारनेंच काढावयाचें ठरविलें. उपाय प्रामाणिक, परिणाम घातक. देशांतील प्रत्येक मुलाच्या हातीं आतां एकच पान होतें, आणि तें पान कोण लिहितो एवढाच प्रश्न उरला. १९३० नंतर तें कोणीं लिहिलें हें सर्वांस ठाऊक आहे. कोरियांत १९३८ मध्यें कोरियन भाषा ऐच्छिक झाली. १९४१ मध्यें जपानी प्राथमिक शाळांचें नांवच 'राष्ट्रजनांची शाळा' असें ठेवण्यांत आलें.

१९४५ च्या पराजयानंतर नवीं पुस्तकें छापावयास कागद नव्हता. तेव्हां शिक्षणखात्याच्या हुकुमानें मुलांनीं जुन्याच पुस्तकांतील युद्धस्तुतीच्या ओळींवर ज्या कुंचल्यानें अक्षरें गिरवावयाचीं त्याच कुंचल्यानें शाई फांसली. काल ज्या शिक्षकांनीं त्या ओळी पाठ करून घेतल्या, तेच आज त्या कोणत्या हें सांगत होते. १९४६ मध्यें अमेरिकेचें शिक्षणमंडळ आलें. त्यानें जपानी लेखन रोमन लिपींत करण्याचीहि शिफारस केली, ती सुदैवानें मानली गेली नाहीं. १९४७ च्या मूलभूत कायद्यानें सहा व तीन मिळून नऊ वर्षांचें शिक्षण सक्तीचें झालें. शाळागृहें बेचिराख झालेलीं, त्यामुळें कित्येक वर्ग आकाशाखालीं भरले. पण मुलें आलीं. कारण शाळेंत जाण्याची संवय १८७२ पासून हाडीं मुरली होती. जुन्याच यंत्रावर नवी राज्यघटना शिकविली गेली.

यंत्राचें सुकाणूं कोणाच्या हातीं, हा तंटा मात्र तेथें मिटलेला नाहीं. १९४८ मध्यें लोकांनीं निवडावयाचीं शिक्षणमंडळें आलीं. १९५६ मध्यें तीं नेमणुकीचीं झालीं. इतिहासकार इएनागा साबुरो यांनीं पाठ्यपुस्तकांच्या सरकारी तपासणीविरुद्ध १९६५ मध्यें सुरू केलेला न्यायालयीन झगडा १९९७ मध्यें संपला, तोहि अंशतःच त्यांच्या बाजूनें. २००६ मध्यें मूलभूत कायदा बदलून त्यांत देशप्रेमाचा उल्लेख घालण्यांत आला. १८९० ची राजाज्ञा १९ जून १९४८ रोजीं संसदेच्या दोन्ही सभागृहांनीं ठराव करून निकालांत काढली होती, आणि शाळाशाळांतील तिच्या प्रती परत मागविण्यांत आल्या होत्या. २०१७ मध्यें तेथील मंत्रिमंडळानें जाहीर केलें कीं, राज्यघटनेस व कायद्यास बाध येत नसेल तर ती पाठ्यसामग्री म्हणून वापरण्यास हरकत नाहीं.