परिचर्येतील संशोधनोपयोजन : धाराशिव जिल्हा व सीमाभाग

पद्धतशीर अभ्यासाने सिद्ध झालेले निष्कर्ष परिचारिकेने रुग्णसेवेच्या नित्य व्यवहारात आणणे, यास परिचर्येतील संशोधनोपयोजन म्हणतात. या विचाराचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी घातला. क्रिमियन युद्धात (१८५३–५६) जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकडेवारीने दाखविले.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्याची गणना आकांक्षित जिल्ह्यांत केली. अशा ग्रामीण भागात उपकेंद्राचा भार मुख्यत्वे साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेवर असतो. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव सुरू झाल्यास तज्ज्ञ वैद्य जवळ नसतो आणि माता थोड्याच वेळात दगावू शकते. म्हणून संशोधनाचे फळ मातेला मिळणे वा न मिळणे हे पुष्कळ अंशी या परिचारिकेवर अवलंबून असते.

याचे एक महत्त्वाचे उदाहरण बेळगाव (आताचे बेळगावी) या सीमावर्ती जिल्ह्यात घडले. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठ यांनी २००२–०५ या काळात १,६२० स्त्रियांवर चाचणी केली. घरी वा उपकेंद्रात होणाऱ्या या प्रसूतींच्या वेळी परिचारिका-प्रसाविकांनीच मिसोप्रॉस्टॉलच्या गोळ्या दिल्या. निष्क्रिय गोळ्या दिलेल्या गटात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के, तर औषध दिलेल्या गटात ६·४ टक्के आढळले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

याच अभ्यासात मातेच्या अंगाखाली पसरावयाची, मोजमापाच्या खुणा असलेली रक्तसंकलक पिशवी वापरण्यात आली. केवळ नजरेच्या अंदाजाने रक्तस्राव बहुधा कमी लेखला जातो व उपचारास उशीर होतो. आफ्रिकेतील चार देशांच्या ८० रुग्णालयांत झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पिशवीने लवकर निदान व एकत्रित तातडीचे उपचार यांचा अवलंब केल्याने गंभीर परिणाम सु. ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

निष्कर्ष ज्ञात झाले म्हणजे ते आपोआप आचरणात येत नाहीत. परिचारिकेस औषध देण्याचा अधिकार असावा लागतो. भारतात प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांना तो २००५ नंतरच्या शासकीय मार्गदर्शक सूचनांनी मिळाला. औषधाची साठवणही महत्त्वाची असते. ऑक्सिटोसीन २° ते ८° से. तापमानात ठेवावे लागते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात शीतपेटी बंद पडल्यास त्याची परिणामकारकता घटते. मिसोप्रॉस्टॉलला अशा शीतसाठवणीची गरज नसते. याशिवाय नजरेच्या अंदाजावर विसंबण्यासारख्या रूढ सवयी सोडण्यासाठी प्रशिक्षण व पर्यवेक्षण सतत चालू ठेवावे लागते. अधिकार, साधने व सराव यांपैकी एकाचाही अभाव असल्यास सिद्ध झालेले ज्ञान कागदावरच राहते.