केडगावचे पवित्र शास्त्र

१८७८ साली कलकत्त्यास नव्याने आलेली वीस वर्षांची एक ब्राह्मण कन्या आपल्या थोरल्या भावाबरोबर तेथील ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यास गेली. इंग्रजी पेहराव केलेले बंगाली गृहस्थ, टेबलावर मांडलेली चहाबिस्किटे, हे सारे पाहून कलियुगाची पुरती साक्ष पटली असे त्या दोघांना वाटले. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा मंडळी आपापल्या खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असा या बहीणभावांचा समज झाला. निघताना त्यांना संस्कृतात भाषांतरित केलेले बायबल भेट मिळाले. मुलीने ते उघडून पाहिले. भाषा संस्कृत खरी, पण ज्या संस्कृतात ती वाढली त्याच्याशी तिचे नाते लागेना. वाचण्यात वेळ दवडू नये असे ठरवून तिने पुस्तक मिटले. टाकून मात्र दिले नाही.

या मुलीचे नाव रमा डोंगरे. त्याच वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि पुढे साऱ्या देशाने तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखले. मिटून ठेवलेल्या त्या पुस्तकापाशी रमाबाई कशा परतल्या, आणि मरणाच्या दारापर्यंत त्याच पुस्तकाच्या एकेका शब्दाशी कशा झुंजत राहिल्या, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय आहे. वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्याची दखल तशी कमीच घेतली.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रीने संस्कृत शिकू नये हा दंडक मोडून त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकविले; त्यापायी त्यांना उडुपीस धर्मपंडितांपुढे आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे, १८५८ च्या एप्रिलात रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून देवळांत पुराण सांगे आणि त्यावर उदरनिर्वाह चालवी. आईच्या तोंडून ऐकून ऐकून मुलीने भागवत मुखोद्गत केले. दुष्काळ आला, काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. उरलेली दोन भावंडे पायी देश पालथा घालीत कलकत्त्यास पोहोचली होती.

तेथे विद्वानांनी रमाबाईंना स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यास सांगितले. त्यासाठी त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचू लागल्या. हे ग्रंथ बाकी सर्व बाबतींत एकमेकांशी भांडतात, परंतु स्त्रीजात दुष्ट आहे आणि शूद्रांप्रमाणेच तिलाही मोक्षाचा अधिकार नाही, एवढ्यापुरते मात्र त्यांचे एकमत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला व पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदविला. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली तेव्हा, स्त्रीने वेद वाचावा कसा, असा प्रश्न प्रथम त्यांनीच केला होता. हा निष्कर्ष एकांगी आहे असे कोणी म्हणेल. पण तो ऐकीव नव्हता. ग्रंथ स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा आणि मग बोलायचे, ही शास्त्र्याच्या घरची शिस्त रमाबाईंनी पुढे बायबलालाही लावली.

१८८० मध्ये बंधू श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. आसामातील सिल्चर येथे पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. ती त्यांनी आवडीने वाचली. पतीला हे मुळीच रुचले नाही. दीड-दोन वर्षांतच कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई १८८२ मध्ये पुण्यास आल्या. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून पुढच्याच वर्षी त्या विलायतेस गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयास राहिल्या.

लंडनमधील फुलहॅम भागात त्याच भगिनीसंघाचे एक घर होते. वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. समाजाने ज्यांच्याकडे पाठ फिरविली त्यांची इतक्या मायेने सेवा का करता, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखविला: विहिरीकाठी शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो तो प्रसंग. ती स्त्री परजातीची आणि जनरीतीने पतित. तिच्याशीच खऱ्या उपासनेबद्दलचे गहन बोलणे होते. धर्मशास्त्रात जे शोधले आणि सापडले नाही, ते येथे आहे असे रमाबाईंना वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला म्हणजे पंडिता आता आज्ञाधारक शिष्या होईल, असा त्या भगिनींचा अंदाज असावा. तो साफ चुकला. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी आणि चेल्टनहॅम येथील विदुषी डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा कुमारीपासूनचा जन्म, चर्चने ठरविलेले विश्वासांगीकार यांतील एकेक कलम घेऊन रमाबाई विचारीत, हे बायबलात कोठे आहे? चर्चचा अधिकार मानावा असे जेराल्डीन सांगत. एका पुरोहितवर्गाच्या हातून नुकतीच सुटका झाली असता दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे बुद्धी गहाण टाकण्यासाठी मी ख्रिस्ती झाले नाही, हा रमाबाईंच्या उत्तरांचा मथितार्थ. तरुण पुरुषांना शिकविण्याचे काम त्यांनी करू नये, असे हिंदुस्थानातील दोन बिशपांचे मत पडले, तेव्हा तर त्या फारच संतापल्या. गळ्यात घालण्याच्या क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. लॅटिन जर पवित्र, तर आमची संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. हा क्रूसाचा वाद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण संस्कृतसाठी अशी भांडणारी ही पंडिता पुढे स्वतःच्याच हाताने तिला दूर सारणार होती.

अमेरिकेहून साहाय्य मिळवून १८८९ च्या मार्चमध्ये रमाबाईंनी मुंबईस शारदासदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. विधवांच्या या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. पण स्वतःचे बायबलवाचन व प्रार्थना त्या दार बंद करून करीत नसत आणि मुली येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ झाले. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. वचनभंग झाला की नाही, यावर पुण्यात पुष्कळ शाई खर्च झाली. रमाबाईंची दिशा मात्र त्याआधीच बदलली होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, अशी टोचणी त्यांना १८९१ च्या सुमारास लागली होती आणि वाचनाचा रोख वादाकडून आचरणाकडे वळला होता.

१८९६-९७ च्या दुष्काळाने त्या आचरणाची कसोटी घेतली. ज्या बाईने कोवळ्या वयात आईबापांना भुकेने मरताना पाहिले होते, ती मध्य प्रांतातील दुष्काळी मुलखात फिरून शेकडो मुली घेऊन आली. पुण्याजवळील केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजारावर गेली. वाचणे, लिहिणे, विणणे, शेती, छपाई अशी सगळी कामे मुलींनीच करायची, अशी तेथील रीत होती. आंधळ्या स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली गेली. संस्था कोणत्याही एका पंथाची नव्हती. रोजची प्रार्थना, शास्त्रवाचन आणि अंग मोडून काम हाच तिचा पंथ.

परंतु या मुलींनी वाचायचे ते काय? मराठी बायबल तेव्हा शंभर वर्षांचे होत आले होते. सिरामपूरला विल्यम केरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी भाषांतरास हात घातला. मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ मध्ये नवा करार छापला. पुढे मुंबईच्या बायबल सोसायटीने सुधारून सुधारून ते काम नेटके केले. मिशनरी आणि त्यांचे मदतनीस शास्त्री यांच्या जोडीतून हे मराठी घडले. साहजिकच ते संस्कृतप्रचुर झाले. पंडिता रमाबाईंना त्यात अडचण नव्हती. अडचण होती ती दुष्काळातून आलेल्या खेड्यातील मुलीला. शिवाय त्यातील कित्येक शब्द दुसऱ्याच धर्मविचाराच्या घरात वाढलेले आहेत, आणि ते येताना तेथील अर्थ बरोबर घेऊन येतात, हे शास्त्र्याच्या मुलीइतके कोणाला कळणार? शास्त्र कठीण भाषेत कोंडले की ते कोणाच्या ताब्यात राहते, हे तर त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या.

म्हणून वयाच्या सत्तेचाळिशीच्या आसपास रमाबाईंनी मुळापासून नवे भाषांतर आरंभिले. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. संस्था चालविणे, हिशेब, आजारी मुलींची देखभाल यांतून उरलेला वेळ या कामाचा. त्यातच तेव्हाच्या निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला शाळा काढली गेली. ती मनोरमा पाहत असे. भाषांतर मात्र सतरा-अठरा वर्षे चालूच राहिले. मजकूर मुक्तीच्याच छापखान्यात छापायचा, खिळे मुलींनीच जुळवायचे, असा परिपाठ होता.

भाषांतर म्हणून या ग्रंथाचे मूल्यमापन करताना भीड बाळगण्याचे कारण नाही. मुळातल्या शब्दाला शब्द देण्याच्या आग्रहापायी त्यातील वाक्यरचना अनेक ठिकाणी मराठी कानाला खटकते. सोपेपणासाठी निघालेले भाषांतर काटेकोरपणामुळे पुन्हा अवघड होते, हा विरोध त्यात आहेच. संस्कृत वळणाच्या धार्मिक शब्दांचा ज्यांना इतका संशय, त्यांनी संस्थेला मात्र ‘मुक्ती’ हेच नाव दिले होते, हेही नजरेआड होत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर, अगदी उलट मार्ग धरला. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाणीचे वैभव त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी वाहिले, आणि मराठी चर्च आजही त्यांची भजने गाते. रमाबाईंचे भाषांतर असे घरोघर गेले नाही. उपासनेत सोसायटीचेच बायबल राहिले. एकट्या स्त्रीने संपूर्ण बायबल भाषांतरित करण्याचे जगातले हे एकमेव उदाहरण असे कधीकधी सांगितले जाते, तेही बरोबर नाही. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच निघाले होते. पण ज्युलिया स्मिथ यांच्यापुढे कोणी दुष्काळपीडित वाचक नव्हत्या. केडगावचे भाषांतर वाचताना शब्दाशब्दामागे त्या वाचक उभ्या आहेत हे ध्यानात ठेवले, म्हणजे त्याच्या खडबडीतपणाचा अर्थ लागतो. पांडित्य दाखविण्याची संधी पानोपानी असताना पंडितेने ती जाणूनबुजून नाकारली आहे.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. ऐकू येणे कमी झाले होते, शरीर थकले होते. जिच्या हाती संस्था सोपवायची ती मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये, चाळिशीत, वारली. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. अखेरची मुद्रिते हातावेगळी होईपर्यंत आयुष्य दे, अशी प्रार्थना त्यांनी केली होती, असे सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. काम त्यांच्यापुरते पुरे झाले होते. छपाई उरली होती. ज्या माळावर एके काळी अक्षरशत्रू, उपाशी मुली गाड्यांतून उतरविल्या गेल्या होत्या, तेथल्याच स्त्रियांनी उरलेल्या पानांचे खिळे जुळविले, ती छापली, बांधली, आणि १९२४ साली संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला.