न दिसणारे अपंगत्व

वर्धापनदिनाच्या या अंकासाठी आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासाविषयी काही लिहावे, असे मंडळाच्या भगिनींनी सुचविले. राजेरजवाड्यांऐवजी मी एका दुखण्याचा व त्यापायी हुकणाऱ्या रोजगाराचा इतिहास निवडला आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार होय. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा उठतात. 1910 साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात तो 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. 2011 च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात शेकडा 69 लोक आदिवासी आहेत, आणि त्यांच्या पाड्यांतही हे दुखणे आहे.

हातपाय धड दिसत असल्याने अशा माणसाला कोणी अपंग मानीत नाही. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गुजरातेत गेलेल्या मजुराला थंडी, तहान व अतिश्रम यांनीच कळा सुरू होतात. खाडे पडले की तो आळशी ठरतो. पुढच्या हंगामात त्याला कोण नेणार? दुखणे सांगावे तर याची बोली पावरी किंवा भिली, आणि ऐकणाऱ्याला ती कळत नाही.

कायद्यालाही हे दुखणे उशिरा दिसले. 1995 च्या अपंगविषयक कायद्यातील 7 प्रकारांत सिकलसेल नव्हता. 2016 च्या कायद्याने ते प्रकार 21 केले, तेव्हा त्याचे नाव आले. शेकडा 40 वा अधिक अपंगत्वाचा दाखला असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान 5 टक्के राखीव जागांवर हक्क मिळाला. परंतु त्याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ज्या 4 टक्के जागा राखल्या, त्यांच्या यादीत रक्तविकार घातले नाहीत. महाविद्यालयाचे दार उघडले, कचेरीचे नाही! आदिवासी म्हणून राखीव जागा आहेत खऱ्या, पण त्या रांगेत गाठ धडधाकटांशीच पडते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातीही थोडे आहे, असे मला वाटते. शिवण, निवडटिपण, हिशेब अशी बैठी कामे अशा भगिनींना द्यावीत. जवळ पिण्याचे पाणी असावे, मध्ये विसावा मिळावा, आणि चार दिवस खाडा झाला तरी त्यांची जागा दुसरीला देऊ नये. दाखल्यासाठी रुग्णालयात जाताना त्यांची बोली जाणणारी एखादी सभासद सोबत असावी. मंडळाने येत्या वर्षाच्या कामांत याचा विचार करावा, ही विनंती.