दहा रिकाम्या जागा

उर्दूत कोड्याला मुअम्मा म्हणतात. शब्द अरबीतून आलेला. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गुप्त लिपी उलगडण्यावर जो रिसाला लिहिला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. त्याची रीत साधी होती. मजकूर ज्या भाषेतला असावा, तिची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं. मग गुप्त मजकुरातली चिन्हं मोजायची आणि दोन्ही क्रम शेजारी ठेवायचे.

आपल्या जलशांमध्ये हे नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "संगणकाचा पाया आमच्याच लोकांनी घातला." मला ते पटत नाही. अल-किंदीसमोरचा कागद मुका होता, मोजण्यापलीकडे त्याला काही विचारता येत नव्हतं. यंत्राला विचारता येतं. हा फरक इंटेलच्या ८०८५ या चिपवरून चांगला कळतो.

१९७६ची ही चिप. प्रोसेसरला प्रत्येक आज्ञा एका अंकाने दिली जाते. ८०८५ आठ बिटांची, म्हणून पहिल्या अंकाला २५६ शक्यता. आधीच्या ८०८० मध्ये त्यातल्या २४४ वापरात होत्या. ८०८५ने दोन वाढवल्या. महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकच्या मुलांनी "७४ सूचना, २४६ ऑपकोड" हे पाठच केलेलं असायचं. उरलेल्या दहांचं काय, हे क्वचितच कुणी विचारायचं.

वुल्फगँग डेनहार्ट आणि विली सोरेनसेन यांनी विचारलं, पण कंपनीला नाही, चिपलाच. अशा शोधाची पद्धत अशी: रजिस्टरांमध्ये माहितीचे आकडे भरायचे, न छापलेला अंक आज्ञा म्हणून द्यायचा, आणि काय बदललं ते पाहायचं. मग आकडे बदलून पुन्हा तेच. ०८ हा अंक दिला की एचएल जोडीतून बीसी जोडी वजा होते. सोळा बिटांची बेरीज छापील यादीत होती, वजाबाकी नव्हती. प्रोग्रामर ती दोन तुकड्यांत करत बसायचे, आणि चिपला ती येत होती!

काही सूचना इतक्या सरळ हाती लागत नाहीत. डीडी आणि एफडी हे अंक पुढचे दोन बाइट पत्ता म्हणून गिळतात, पण कधी तिथे उडी मारतात, कधी मारत नाहीत. उडी ज्यावर अवलंबून आहे तो फ्लॅगही माहितीपुस्तकात नव्हता. म्हणजे एका मुअम्म्याच्या पोटात दुसरा.

जानेवारी १९७९ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकात दोघांचा लेख आला आणि दहाही सूचना लोकांसमोर आल्या.

इंटेलने त्या लपवल्या कशासाठी? चिप नीट चालत होती. अडचण पुढच्या मालाची होती. ८०८५साठी लिहिलेले प्रोग्राम येऊ घातलेल्या ८०८६वर नेता यावेत अशी योजना होती. या सूचना जाहीर केल्या असत्या तर नव्या चिपलाही त्या निभावून न्याव्या लागल्या असत्या. हे बंधन नको होतं, असं इंटेलच्याच अभियंत्यांनी पुढे लिहिलं. व्यापार म्हणून हिशेब समजतो. पण ज्याने पैसे मोजून चिप घेतली, त्याला तिच्यात काय आहे हे सांगायचं नाही, हे मला मान्य नाही.

पुढे टुंड्रा कंपनीने आपल्या ८०८५ जातीच्या चिपच्या माहितीपत्रकात या दहाही सूचना छापल्या. पॉलिटेक्निकमध्ये पाठांतर मात्र २४६चंच राहिलं.