मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख (आयबीटी)

मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख (संक्षेपाने आयबीटी) हा महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांमध्ये इयत्ता ८ वी ते १० वीसाठी राबविला गेलेला पूर्वव्यावसायिक अभ्यासक्रम होय. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात तो आकारास आला. हाताने काम करणे हा शिकण्याचा नैसर्गिक मार्ग आहे, या गृहीतकावर त्याची मांडणी आहे. गावातील कारागिराला शाळेत निदेशक म्हणून स्थान देणे हे त्याचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य असून त्याच्यापुढील बहुतेक अडचणीही त्यातूनच उद्भवल्या आहेत.

पार्श्वभूमी

पाबळ हे अवर्षणप्रवण पट्ट्यातील गाव मस्तानीच्या समाधीमुळे इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्न तंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळविलेले कलबाग हे हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन विभागात ज्येष्ठ पदावर होते. ती नोकरी सोडून ते पत्नी मीरा यांच्यासह पाबळला स्थायिक झाले. आश्रम हा पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन या संस्थेचे केंद्र म्हणून उभा राहिला. तिचे संस्थापक जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते आणि त्या आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली होती.

या विचाराची मुळे त्याहून जुनी आहेत. १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींनी मांडलेली नई तालीम उद्योगातून शिक्षण देऊ पाहत होती. अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार केला होता. नई तालीम मुख्यतः एका मूलोद्योगाभोवती गुंफलेली होती. कलबागांनी मात्र एका विद्यार्थ्याला अनेक कौशल्यांचा परिचय व्हावा, असा आग्रह धरला. खेड्यात सुतार, गवंडी, वायरमन असे प्रत्येक कामाचे स्वतंत्र तज्ज्ञ नेहमी मिळत नाहीत, हे त्यामागील व्यावहारिक कारण होय.

अध्यापनाची रचना

अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. आठवड्यातील एक पूर्ण दिवस त्यासाठी राखून ठेवलेला असतो. ३५ मिनिटांच्या तासिकेत सिमेंटचा गिलावा होत नाही की जोडकाम थंड होत नाही. त्यामुळे हा दिवस अखंड मिळणे ही सवलत नसून रचनेची पहिली अट आहे. मुले व मुली सर्व विभागांतील कामे करतात. मुलीने वेल्डिंग करावे आणि मुलाने स्वयंपाक शिकावा, हे त्यात ओघानेच येते.

प्रत्येक कामाला आराखडा, साहित्याची यादी, खर्चाचा अंदाज, प्रत्यक्ष कृती आणि नोंद असे टप्पे असतात. शालेय विषयांशी सांधा येथेच जुळतो. समजा, ३ मीटर लांब, १.५ मीटर उंच आणि ०.२ मीटर जाडीची भिंत बांधायची आहे. तिचे घनफळ ०.९ घनमीटर भरते; एका घनमीटरला सुमारे ५०० विटा धरल्यास ४५० विटा लागतील. उत्तर चुकले तर विटा कमी पडतात किंवा उरतात, आणि ते सर्वांना दिसते. वहीतल्या उदाहरणाला हा धाक नसतो. माती परीक्षणातून रसायनशास्त्र आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीतून शरीरशास्त्र याच रीतीने शिकविता येते.

रचनेतील दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे लोकोपयोगी सेवा. विद्यार्थी गावातील घरांची किंवा शाळेची खरी कामे करतात आणि त्याचा मोबदला घेतला जातो. सरावासाठी बनवून मोडून टाकलेल्या वस्तूपेक्षा ज्याचे पैसे कोणी देणार आहे त्या वस्तूकडे विद्यार्थी अधिक काळजीने पाहतो. शिवाय साहित्याचा काही खर्च त्यातून भरून निघतो.

निदेशक आणि शिक्षक

शाळेतील शिक्षकाजवळ अध्यापनाची पदवी असते, पण त्याने बहुधा नळजोडणी केलेली नसते. कारागिराचा हात बसलेला असतो, पण तो आपले ज्ञान शब्दांत मांडायला शिकलेला नसतो. आयबीटीने कारागिराची बाजू निवडली. गावातील कुशल व्यक्ती किंवा आश्रमाच्या पदविका अभ्यासक्रमातून बाहेर पडलेले तरुण यांना निदेशक नेमावे, त्यांना मानधन द्यावे आणि पाबळला त्यांचे प्रशिक्षण व्हावे, अशी ही व्यवस्था होती.

अशा प्रशिक्षणात हुन्नर शिकविण्याची गरज कमी असते. एक काम चाळीस मुलांत कसे वाटावे, धोक्याच्या साधनांपाशी कोणाला केव्हा उभे करावे, चूक होऊ द्यावी की थांबवावी आणि केलेल्या कामाची नोंद कशी घ्यावी, हे खरे शिकण्याचे विषय असतात. कसबी गवंड्याची थापी सहज चालते. पण ती कोणत्या कोनात धरली हे त्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही. ते सांगता येणे हीच त्याच्या शिक्षक होण्याची सुरुवात म्हणता येईल.

विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांची तयारी हा याचा दुसरा भाग होय. निदेशकाच्या भिंतीचे घनफळ गणिताच्या तासाला घेतले गेले नाही, तर कार्यशाळा आणि वर्ग हे दोन वेगळे जग राहतात. प्रत्यक्षात हा सांधा अनेकदा सैल राहतो. पदवीधर शिक्षक आणि मानधनावरील कारागीर यांच्या प्रतिष्ठेतील अंतर हे त्याचे एक कारण आहे. मानधनासाठी कायम तरतूद नसली की निदेशक टिकत नाहीत, आणि प्रशिक्षणावरील मेहनतही त्यांच्याबरोबर निघून जाते.

प्रसार

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात परिसरातील मोजक्या शाळांपासून सुरुवात झाली आणि माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाने या विषयास मान्यता दिली. पुढे लेंड अ हँड इंडिया या संस्थेच्या साहाय्याने तो महाराष्ट्रातील इतर जिल्ह्यांत आणि राज्याबाहेरही पोहोचला. शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांसाठी आश्रम निवासी पदविका चालवितो. तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे. घुमटाकार ‘पाबळ डोम’ घरे आणि ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर ही आश्रमातील कामे सर्वपरिचित आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने येथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरील अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. कलबागांच्या निधनानंतर डॉ. योगेश कुलकर्णी यांनी आश्रमाची धुरा सांभाळली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये व्यावसायिक शिक्षणाचा लवकर परिचय, स्थानिक तज्ज्ञांना निदेशक म्हणून बोलावणे आणि शिक्षकांसाठी दरवर्षी ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास यांचा समावेश आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी पाबळमध्ये त्याआधी तीनहून अधिक दशके आजमावल्या गेल्या होत्या.