संसदेचा एक दिवस: आपला प्रश्न सभागृहात केव्हा आणि कसा पोहोचतो?

भारत सरकार शिष्यवृत्तीची रक्कम थकली की आपल्याकडे ठरलेला क्रम असतो. विद्यार्थी जमतात, समाजकल्याण कार्यालयावर जातात, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतात, फोटो निघतो. नांदेड आणि लातूरमध्ये युवकांसोबत काम करताना आम्हीही हेच करत आलो. एकदा अधिवेशन चालू असताना आम्ही निवेदन घेऊन एका खासदारांच्या कार्यालयात गेलो आणि हा प्रश्न उद्याच लोकसभेत मांडा, अशी मागणी केली. तिथल्या स्वीय सहायकांनी शांतपणे विचारले, "तारांकित प्रश्न हवा की शून्य प्रहर? तारांकितची मुदत तर गेली." आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. हातात पदव्या होत्या, संविधानावर भाषणे दिलेली होती, पण संसदेचा एक दिवस कसा चालतो हे माहीत नव्हते.

हा लेख त्या दिवसानंतर केलेल्या अभ्यासातून आला आहे. संसदेतला प्रत्येक तास आधीच वाटलेला असतो. त्यातला वाटा लेखी सूचना देऊन, मुदतीत मागावा लागतो. आपण मागितला नाही तर तो दुसऱ्या कुणाला तरी मिळतो.

आधी खासदार कोण ते पाहा

नांदेड जिल्हा ३ लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड हे विधानसभा मतदारसंघ नांदेडमध्ये येतात. किनवट आणि हदगाव हिंगोलीत, तर लोहा लातूरमध्ये आहे. लातूर जिल्ह्यातला औसा उस्मानाबाद मतदारसंघात जातो. म्हणजे लोहा-कंधारच्या कार्यकर्त्याने नांदेडच्या खासदाराकडे खेटे घालण्यात अर्थ नाही.

लातूर लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण अनुसूचित जातींचे प्रश्न फक्त राखीव जागेवरच्या खासदाराने मांडायचे, असा नियम नाही. नांदेडचे आणि हिंगोलीचे खासदारही ते विचारू शकतात. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत, त्यांचाही दरवाजा उघडा आहे.

सकाळी ११: प्रश्नोत्तराचा तास

वर्षात साधारण ३ अधिवेशने होतात: अर्थसंकल्पीय, पावसाळी आणि हिवाळी. २ अधिवेशनांमध्ये ६ महिन्यांहून जास्त अंतर नसावे, एवढेच बंधन संविधानात आहे. लोकसभेचे कामकाज सकाळी ११ ते संध्याकाळी ६ असे ठरलेले असते, मध्ये दुपारी १ ते २ जेवणाची सुट्टी. काम जास्त असेल तर ही सुट्टी रद्द होते आणि बैठक रात्रीपर्यंतही चालते. सभागृह चालण्यासाठी एक दशांश सदस्य हजर लागतात. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर हा आकडा ५५ होतो. त्या दिवशी काय काय होणार हे कामकाजपत्रिकेत छापलेले असते आणि ती लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते.

पहिला तास प्रश्नांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. २० पैकी मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात, उरलेल्यांचे उत्तर लेखी स्वरूपात पटलावर येते. राज्यसभेत प्रश्नोत्तराचा तास २०१४ पासून दुपारी १२ वाजता असतो.

प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. सूचना फार येतात, म्हणून कुणाचा प्रश्न घ्यायचा हे सोडतीने ठरते. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो. आम्ही त्या दिवशी इथेच चुकलो होतो. निवेदन खरे होते, मागणी रास्त होती, पण १५ दिवस उशिरा पोहोचली होती.

प्रश्न कसा लिहायचा हेही महत्त्वाचे. तो एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत आणि केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा. "आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना पैसे का मिळाले नाहीत" असा प्रश्न राज्याचा विषय म्हणून बाजूला पडू शकतो. पण अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत डिसेंबर २०२० च्या निर्णयानुसार केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे. त्यामुळे "नांदेड व लातूर जिल्ह्यांतील किती विद्यार्थ्यांचा केंद्राचा हिस्सा कोणत्या तारखेला जमा झाला आणि किती बाकी आहे" हा प्रश्न सरळ सामाजिक न्याय मंत्रालयाकडे जातो. त्याचे उत्तर अधिकृत नोंद होते. पुढे तेच उत्तर हातात घेऊन समाजकल्याण कार्यालयात बसता येते.

या तासाची किंमत तो नसतो तेव्हा कळते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोरोनाचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला. लेखी उत्तरे मिळाली, पण मंत्र्याला उभे करून उपप्रश्न विचारण्याची सोय त्या अधिवेशनात राहिली नाही.

दुपारी १२ नंतर: कागदपत्रे, शून्य प्रहर, नियम ३७७

प्रश्नांनंतर मंत्री अहवाल आणि अधिसूचना सभागृहाच्या पटलावर ठेवतात. टीव्हीवर हा भाग कंटाळवाणा दिसतो, पण आपल्या कामाचे बरेच काही इथेच असते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ च्या कलम २१ नुसार केंद्र सरकारने या कायद्याच्या अंमलबजावणीचा अहवाल दरवर्षी दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचा असतो. तो या वर्षी ठेवला का, त्यात महाराष्ट्राबद्दल काय आहे, हे खासदाराला विचारायला हवे.

मग येतो शून्य प्रहर. हा शब्द नियमांच्या पुस्तकात नाही, प्रथेने रुजला आहे. तातडीचा सार्वजनिक विषय मांडायला सदस्याला मोजका वेळ मिळतो. गावात अत्याचाराची घटना घडली आणि १५ दिवस थांबणे शक्य नसेल, तेव्हा हाच मार्ग. मात्र मंत्र्याने लगेच उत्तर देण्याचे बंधन इथे नाही.

नियम ३७७ खाली मतदारसंघातला विषय २५० शब्दांच्या आत लेखी मांडता येतो आणि संबंधित मंत्रालयाकडून नंतर उत्तर मागवले जाते. लक्षवेधी सूचनेत मंत्र्याला सभागृहात निवेदन करावे लागते.

भाषेची अडचण सांगू नये. संविधानाच्या कलम १२० नुसार अध्यक्षांच्या परवानगीने सदस्याला मातृभाषेत बोलता येते आणि मराठीचे भाषांतर ऐकण्याची सोय सभागृहात आहे.

दुपार: विधेयके

विधेयक आधी मांडले जाते. मग त्याच्या हेतूवर सर्वसाधारण चर्चा, त्यानंतर कलमवार चर्चा व दुरुस्त्या आणि शेवटी संपूर्ण विधेयकावर मत. दुसऱ्या सभागृहात हाच क्रम पुन्हा होतो. त्यानंतर राष्ट्रपतींची संमती. कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे याची शिफारस कामकाज सल्लागार समिती करते आणि पक्षांना वेळ साधारण त्यांच्या संख्याबळाप्रमाणे मिळतो.

वेळ कुणाच्या हातात आहे यावर विधेयकाचे भवितव्य ठरते. हे बाबासाहेबांइतके कुणी भोगले नसेल. हिंदू कोड बिलावर वर्षानुवर्षे चर्चा झाली आणि सप्टेंबर १९५१ पर्यंत जेमतेम ४ कलमे मंजूर झाली. मग ते बाजूला ठेवले गेले. कायदामंत्री बाबासाहेबांनी २७ सप्टेंबरला राजीनामा दिला. १० ऑक्टोबर १९५१ रोजी ते राजीनाम्याचे निवेदन करायला उभे राहणार होते, तेव्हा उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी न दिल्याचा मुद्दा काढून ते लगेच करू दिले नाही. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. ज्यांनी संविधानाचा मसुदा केला त्यांनाही कार्यपद्धतीचे दार अडवू शकले, ही नोंद आपण विसरू नये.

आता दुसरे उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी मंजुरी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. ३ ऑगस्टला लोकसभेत दुरुस्ती विधेयक आले, ६ ऑगस्टला लोकसभेने आणि ९ ऑगस्टला राज्यसभेने ते मंजूर केले. १७ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कलम १८अ कायद्यात आले. सभागृहातले ७ दिवस दिसतात, पण त्याआधी रस्त्यावरचे ४ महिने होते.

तिसरे उदाहरण आपल्या घरातले. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना केंद्राच्या सवलतींसाठी थेट १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी संसदेने या आदेशात दुरुस्ती केली आणि 'बौद्ध' हा शब्द आला. आज केंद्रीय नोकरीच्या अर्जावर धर्म बौद्ध लिहून अनुसूचित जातीचा दावा करणारा प्रत्येक तरुण त्या एका दुरुस्तीवर उभा आहे.

मतदान: नाव नोंदले जाते का?

बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. त्यात कोणत्या खासदाराचे मत काय, याची नोंद राहत नाही. मतविभागणी झाली तर राहते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षण विधेयकावर लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मते पडली. विरोधातल्या दोघांपैकी एक आपल्या मराठवाड्यातले, औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील होते. ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नाही, हे त्यांनी कारण सांगितले. ती भूमिका पटो वा न पटो, मत नोंदले गेले म्हणून आज त्यावर बोलता येते.

शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या विधेयकांसाठी आणि ठरावांसाठी असतात. अशी फक्त १४ विधेयके आजवर कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये. तरीही एखादा विषय देशासमोर नोंदवायला हा मार्ग उपयोगी आहे.

समित्या: लातूरचा ठसा

संसदेचे बरेच काम सभागृहाबाहेर समित्यांत होते. मंत्रालयांवर नजर ठेवणाऱ्या विभागीय स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. त्या वेळी १७ समित्या होत्या, पुढे त्या २४ झाल्या. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. सामाजिक न्याय मंत्रालयासाठीही अशी समिती आहे. ती अर्थसंकल्पातील तरतूद आणि खर्च तपासते, अधिकाऱ्यांना बोलावते, अहवाल देते. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले का, हे पाहणारी वेगळी समिती आहे. आश्वासन साधारण ३ महिन्यांत पूर्ण करायचे असते.

मग आपण काय करायचे?

पहिले, अधिवेशनाची तारीख जाहीर होताच सामाजिक न्याय मंत्रालयाचा वार पाहून ठेवा आणि प्रश्नाचा मसुदा खासदार कार्यालयात सूचनेच्या मुदतीआधीच द्या, पोच घ्या. दुसरे, निवेदनासोबत आकडे, तारखा आणि आदेश क्रमांक जोडा. तिसरे, संकेतस्थळावर आपल्या खासदाराने विचारलेले प्रश्न नावानिशी दिसतात, ते वाचून विहारात सर्वांना सांगा. चौथे, अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ नुसार जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीची बैठक ३ महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी आणि खासदार तिचे सदस्य असतात. बैठक झाली का, खासदार आले का, हे माहिती अधिकारात विचारा.

शेवटी एक आठवण. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर आपल्या वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे शहीद झाले आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. सभागृहातला शब्द जमिनीवर आणायला मागे लोक उभे राहावे लागतात, हे मराठवाड्याने किंमत मोजून शिकले आहे. मोर्चा थांबवू नका. फक्त पुढच्या वेळी मोर्चाच्या १५ दिवस आधी प्रश्नाचा कागद खासदाराच्या टेबलावर असू द्या.

जय भीम, जय संविधान.