जर्मन शिक्क्याचं खरं-खोटं

अमेरिकेत पिस्तूल घेणाऱ्यांमध्ये एक समज चांगलाच मुरलेला आहे. वाल्थर घ्यायचं तर जर्मनीत बनलेलं, ग्लॉक घ्यायचं तर ऑस्ट्रियातलं; तेच मॉडेल अमेरिकेत बनलं असेल तर ते दुय्यम. आयात मालाची तुकडी येणार अशी नुसती कुणकुण लागली की दुकानदार आगाऊ नोंदणी सुरू करतो आणि गिऱ्हाईक पैसे भरून वाट बघत बसतं.

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. स्मिथ अँड वेसन कंपनीने अमेरिकेत परवान्याने बनवलेली वाल्थर पीपीके पिस्तुलं २००९ साली दुरुस्तीसाठी परत मागवली होती. घोडा खाली घेताना, चाप न ओढताही, गोळी सुटण्याचा धोका त्यांत आढळला होता. दोष गंभीरच. पण त्यातून सिद्ध काय झालं? त्या कारखान्यात, त्या काळात, एक चूक राहून गेली, इतकंच. तिचं खापर अख्ख्या देशावर फोडता येत नाही.

आणि ज्या जर्मन पीपीकेशी ही तुलना होते, त्याचं मूळ तरी कुठलं? दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शस्त्रनिर्मितीला बंदी होती, म्हणून १९५२ मध्ये फ्रान्समधल्या मानुरँ कंपनीला परवाना दिला गेला. पुढे वाल्थरने जर्मनीतल्या उल्ममध्ये बस्तान बसवलं, तरी १९८६ पर्यंत युरोपातली ही पिस्तुलं मुळात घडत होती फ्रान्समध्येच. पुष्कळांच्या स्लाइडवर शिक्का मात्र उल्मचा. जुनं, अस्सल जर्मन म्हणून जे जास्त पैसे मोजून घेतलं जातं, त्यातलं बरंचसं असं फ्रेंच आहे. शिक्का वाचून कारागिरी ओळखणाऱ्यांना हा फरक इतकी वर्षं हाताला कसा जाणवला नाही?

पिस्तूल कुठे बनवायचं हे पुष्कळदा कारागिरी ठरवत नाही, कायदा ठरवतो. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनंतर आयात पिस्तुलांना गुण देण्याची पद्धत आली: लांबी, वजन, सुरक्षा-कळ, नेम धरायची सोय, सगळ्याचे गुण. पास व्हायला ७५ हवेत. पीपीके एका गुणाने नापास झालं! मग वाल्थरने थोरल्या पीपी मॉडेलच्या फ्रेमवर पीपीकेची स्लाइड आणि नळी चढवली, वजन किंचित वाढलं आणि पीपीके/एस पास झालं. पुढे मूळ पीपीकेच अलाबामा राज्यात बनू लागलं, तेव्हा त्याला कुणी परीक्षेला बसवलं नाही. ही परीक्षा फक्त बाहेरून येणाऱ्यांची.

ग्लॉकचंही तेच. ऑस्ट्रियातून येणाऱ्या ग्लॉक १९ च्या चापावर उभ्या रेघा असतात. बोटाला त्या खास सुखावह नाहीत. नेमबाजीच्या पिस्तुलासारखा चाप म्हणून गुण मिळतात, यासाठी त्या आहेत. ग्लॉक ४२ हे चिमुकलं पिस्तूल तर २०१४ साली जॉर्जिया राज्यातल्या स्मर्ना गावी बनूनच अमेरिकी बाजारात आलं.

उलटी गंमतही आहे. स्प्रिंगफील्ड आर्मरी हे नाव अमेरिकेच्या जुन्या सरकारी शस्त्रागाराचं, पण या नावाने आज धंदा करणाऱ्या खाजगी कंपनीचं हेलकॅट पिस्तूल येतं क्रोएशियातल्या कार्लोव्हाक शहरातून. परदेशी मालाला नाकं मुरडणारेही ते खुशाल विकत घेतात. आपल्याकडे वेब्ली अँड स्कॉट म्हटलं की बर्मिंगहॅम आठवतं, आणि त्या नावाचं रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे बनतं.

तेव्हा आगाऊ नोंदणी करणारा नेमके कशाचे पैसे भरतो, ते बघावं. अमेरिकेत आयातदाराला आधी केंद्रीय परवाना लागतो. तो लांबला की तुकडी लांबते, आणि त्यात दुकानदाराच्या हाती काही नसतं. ऑनलाइन घेतलेलं पिस्तूल घरपोच येत नाही. ते स्थानिक परवानाधारक विक्रेत्याकडे येतं, तिथे ४४७३ क्रमांकाचा अर्ज आणि पार्श्वभूमीची तपासणी होते, मगच ताबा. एवढं होऊनही पिस्तूल बिघडलं तर ते उल्मला जात नाही, कंपनीच्या अमेरिकी शाखेकडे, म्हणजे वाल्थर असेल तर आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथला जातं. म्हणून दुकानदाराला विचारायचंच असेल तर हे विचारावं: तुकडी आलीच नाही तर पैसे पूर्ण परत मिळणार का, आणि किती दिवसांत?